यात्रेचा फड आणि कारखान्यांचा मुलूख

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे मागे टाकीत नारायणगावास पोहोचतो. या रस्त्याने वर्षाचे बाराही महिने मोटारींचे सुटे भाग, पोलादी पत्रा आणि तयार गाड्या यांची ने-आण अहोरात्र चालू असते. परंतु गुढीपाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत त्याच वाहतुकीत रंगमंचाचे लोखंडी सांगाडे, पेट्या, पडदे, ढोलक्या आणि एका मोठ्या कुटुंबकबिल्याचा संसार वाहून नेणारे तमाशाच्या फडांचे ट्रकही मिसळलेले असतात, आणि रोज संध्याकाळी ते कोणत्या तरी गावाच्या वेशीशी थांबून, एका रात्रीपुरते तेथे नाट्यगृह उभे करून, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या मार्गाला लागतात. या नाट्यगृहाला भिंती नसतात, छप्पर नसते, आणि मुख्य म्हणजे तिकीट नसते. पिंपरी-चिंचवड शहर आणि त्याला लागून असलेला चाकणचा औद्योगिक टापू यांच्या पोटात जी जुनी गावे अद्याप आपले नाव राखून आहेत, त्यांच्या चैत्र-वैशाखातल्या यात्रांमधील हे मोकळे खेळ हा पुढील लेखनाचा विषय आहे.

या मुलखात न वाढलेल्या वाचकांसाठी यात्रेचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पुणे जिल्ह्याच्या या भागात ग्रामदैवत बहुधा भैरवनाथ असतो. कोठे म्हातोबा, कोठे खंडोबा, कोठे मारुती. रब्बीची रास घरात आलेली आणि पावसाळी पेरणीला अवकाश, अशा उसंतीच्या दिवसांत गावोगावच्या तिथ्या पूर्वापार लागलेल्या असतात, आणि त्या एकमेकींच्या आगेमागे असल्यामुळे एका गावच्या यात्रेला शेजारच्या गावाला पाहुणा म्हणून जाता येते. पहिल्या दिवशी पहाटे देवाला अभिषेक आणि पोशाख, नवस फेडणाऱ्यांचे दंडवत, दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य, घाट असलेल्या गावी बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री ढोल-लेझमाच्या गजरात पालखीचा छबिना आणि शोभेची दारू. आणि छबिना देवळात परतला की, दिवसभर ज्याची वाट पाहण्यात पोरेटोरे थकून गेलेली असतात, तो तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर त्याच फडाच्या हजेऱ्या होतात: रात्रीचा झगमगाट उतरवून कलावंत मोकळ्या उजेडात गातात, म्हातारी मंडळी पुढे बसून जुन्या चालींची फर्माईश करतात आणि बक्षीस देणाराचे नाव पुकारले जाते. दुपारी निकाली कुस्त्यांचा आखाडा, घरोघरी तिखटाचे जेवण, आणि संध्याकाळी माहेरवाशिणींच्या पिशव्यांत गोडीशेव-रेवड्या. मुंबईचे डबेवाले, जे बहुतांशी खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले आहेत, ते वर्षातून एकदा चैत्रात सर्व मिळून रजा घेतात, ती गावच्या या यात्रांसाठीच. आणि त्या दिवसांत मुंबईच्या कचेऱ्यांतील माणसांना जेवणाची दुसरी सोय पाहावी लागते.

यांपैकी बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये राज्याने केलेला कायदा न्यायालयाने ग्राह्य धरल्यावर त्यांचा प्रश्न मिटला. तमाशाचे तसे नाही. त्याच्यावर कोणाचा खटला नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याच्या स्थितीची चौकशीही फारशी कोणी करीत नाही.

यात्रेत येतो तो ढोलकीफडाचा तमाशा. बैठकीच्या संगीत बारीहून तो भिन्न. आरंभी गण, त्यामागून गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, हा त्याचा जुना क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही त्याची जुनी वाद्ये. आज मधल्या जागेत चित्रपटगीतांवरचे नाच शिरले आहेत आणि वगाचा वेळ आकसला आहे, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि गणाने सुरुवात केल्यावाचून आणि गवळणीत श्रीकृष्णाने मावशीची वाट अडवल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही, आणि बतावणीत सोंगाड्या त्या त्या गावचे प्रश्न हजरजबाबीपणाने मध्ये गुंफतो तेव्हा मुद्रित संहितेवर चालणाऱ्या कोणत्याही नाटकाला न लाभणारी जवळीक प्रेक्षक आणि नट यांच्यात उत्पन्न होते. चाकणच्या चौकातली वाहनांची कोंडी, ठेकेदाराने अडवून धरलेला पगार, जमिनीच्या पैशावर घेतलेली मोठी गाडी, हे विषय मी अशा पटांगणांत ऐकले आहेत, आणि ज्यांच्यावर ते बोलणे रोखलेले असते तीच माणसे सर्वांत मोठ्याने हसताना पाहिली आहेत.

फड ठरतो तो नारायणगावी. पाडव्याच्या सुमारास फडमालक तेथे राहुट्या ठोकतात, राहुटीपुढे आपल्या फडाचा फलक लावतात, आणि गावोगावचे पंच येऊन एकेक राहुटी पालथी घालून, कलावंत किती, वग कोणता, दिवे-ध्वनीची व्यवस्था कशी, याचा तपशील विचारून सुपारी ठरवतात, विसार देतात, तारीख लिहून घेतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने या गावाला नाव दिले आणि भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) हिने ते नाव महाराष्ट्रभर नेले. राज्यशासनाचा तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार आज तिच्या नावाने दिला जातो, आणि तिची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तीच परंपरा चालविली. राहुट्यांतला हा व्यवहार पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते: येथे विकत घेणारा प्रेक्षक एकटा नसतो. दसऱ्यानंतर फड कनाती लावून तिकिटाचे खेळ करतात, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या खिशातून आपल्यापुरते पाहणे विकत घेतो. चैत्रात मात्र एक गाव एका गावासाठी खेळ घेते आणि मग त्याच्याभोवती कनात लावीत नाही.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही असे मला वाटते. फुकट खेळ जगात अन्यत्रही होतात. प्राचीन अथेन्समध्ये गरीब नागरिकाला नाट्योत्सवातील आसनाचे पैसे सरकारी निधीतून मिळत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जोसेफ पॅप यांनी शेक्सपियरच्या नाटकांचे उन्हाळी प्रयोग विनामूल्य दाखविण्यासाठी जे उघडे नाट्यगृह मिळविले, ते १९६२ साली सुरू झाले. पहिल्या ठिकाणी पैसा राज्याचा, दुसऱ्या ठिकाणी धनिकांचा आणि नगराचा. आपल्या यात्रेत तो उंबऱ्याउंबऱ्याचा असतो. यात्रेच्या काही दिवस आधी देवळाच्या सभामंडपात बैठक बसते, मागील सालचा जमाखर्च वाचून दाखवला जातो, शिल्लक किती आणि थकबाकी कोणाकडे हे सर्वांदेखत निघते, त्यावर वादही होतात, आणि मग घरटी वर्गणीचा आकडा ठरतो. हा आकडा ठरविण्याचा, तो फिरून गोळा करण्याचा आणि त्याचा हिशेब देण्याचा खटाटोप म्हणजेच गावाचे एकत्र येणे होय. तमाशाची रात्र हे त्याचे फळ.

आता या मुलखात काय घडले ते पाहू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शेतांतून कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. १९७० मध्ये भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरणाने आणखी जमिनी संपादित केल्या, १९८२ मध्ये महानगरपालिका आली, आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, दिघी, तळवडे, वाकड, रावेत, किवळे इत्यादी अठरा गावे तिच्या हद्दीत घेण्यात आली. पुढच्या दशकात चाकणभोवतीच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत एकट्या महानगरपालिकेची लोकसंख्या सतरा लाखांवर गेलेली आढळते. तीत या जुन्या गावांच्या मूळ रहिवाशांचा वाटा किती अल्प असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

जमीन गेली, पाटीलकी तर आधीच गेली होती, सातबाऱ्यावरची पिके गेली. आणि महानगरपालिकेत समावेश होताच ग्रामपंचायतही विसर्जित झाली. गावाचे प्रभाग झाले, प्रभागाच्या सीमा दर निवडणुकीस बदलू लागल्या, आणि एक गाव दोन-दोन प्रभागांत विभागले जाऊ लागले. सरकारी दप्तरात गाव म्हणून ज्याला काही अधिकार आहे असे काहीच उरले नाही. उरली ती यात्रा कमिटी. तिला कायद्याची सनद नाही, तिच्यापाशी कर बसविण्याचा अधिकार नाही, आणि तरीही मोशीचा माणूस मोशीचा म्हणून आणि चिखलीचा चिखलीचा म्हणून वर्षातून एकदा ज्या जागी बसतो, बोलतो, भांडतो आणि पैसे देतो, ती जागा तिच्या बैठकीचीच आहे. या पट्ट्यातील यात्रा ही जुन्या काळाची केवळ शोभेची उरलीसुरली खूण आहे असे म्हणणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती विचारात घेतलेली नसते. ग्रामपंचायतीने सोडलेले काम अंशतः तिने उचलले आहे.

हिंजवडी-वाकडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चैत्र पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून निघते. मुळशीच्या रानातून आणलेल्या लाकडाचे ते, गळकरी त्यावर चढतो आणि खांद्याखांद्यांनी ओढले जात बगाड वाकडच्या देवळाकडे जाते. हिंजवडी आजही ग्रामपंचायतीचे गाव, आणि तिच्याच शिवारात देशातील एक मोठी संगणक-वसाहत. वाकड महानगरपालिकेत, आणि दोहोंच्या मध्ये मुंबई-बंगळूर महामार्ग. दोन गावे दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांत गेली, तरी देवाची वहिवाट त्या सीमेला जुमानीत नाही. इतर दिवशी ज्या रस्त्यावर कचेरीला जाणाऱ्यांच्या मोटारी तासन्‌तास खोळंबून असतात, त्या रस्त्यावर त्या दिवशी मोटारी बगाडासाठी थांबतात, आणि त्यांच्या काचा खाली करून आतली तरुण माणसे, ज्यांचे गाव कदाचित नागपूर, कदाचित हैद्राबाद, हे काय चालले आहे असे शेजारच्या माणसाला विचारतात.

हे विचारणारे लोकच माझ्या मते या विषयाचे खरे मर्म आहेत. वर्गणी गावाची असते, परंतु पटांगण कोणाचेही असते. रात्री खेळ रंगात आला असता मागच्या बाजूस जरा फिरून पाहावे. पुढे पोत्यांवर आणि सतरंज्यांवर पोरे, त्यामागे फेटे-टोप्यांची वडील मंडळी, गच्च्यांवर आणि ओट्यांवर घरच्या बायका. आणि कडेला, मोटारसायकलींवर बसून किंवा ठेल्याला टेकून, लातूर, परभणी, जालना, बुलढाणा येथून आलेले ठेकेदारीवरचे कामगार, आणि त्यांच्याही पलीकडे बिहार-उत्तर प्रदेशचे, ज्यांना बतावणीतले अर्धेच कळते परंतु ढोलकी पूर्ण कळते. मराठवाड्याच्या पोराला हा फड नवीन नसतो. त्याच्या गावच्या यात्रेलाही असाच येत असे. एका खोलीत सहा-सहा जण भाड्याने राहणाऱ्या, वर्षानुवर्षे ज्याला कोणी नावाने ओळखत नाही अशा माणसाला, या वस्तीत कोणाची परवानगी न काढता बसता येईल अशी दुसरी रात्र वर्षात क्वचितच येते. ठिकठिकाणी चांगली नाट्यगृहे आहेत: चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या नावाचे, संत तुकारामनगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे, पिंपळे गुरवला निळू फुले यांच्या नावाचे. २०२४ च्या जानेवारीत शंभरावे नाट्यसंमेलनही याच शहरात भरले. या सर्वांचा मला अभिमान आहे. परंतु कोणत्याही नाट्यगृहाच्या दारातून आत जाण्यास आधी जो आत्मविश्वास लागतो, तो या माणसापाशी नसतो, आणि पटांगणाला दार नाही.

तथापि त्याला वर्गणी मागितली जात नाही, ही उणीव मला खटकते. यात वाईट हेतू नसतो. हा पाहुणा, याच्याकडून काय घ्यायचे, असे म्हणण्यात औदार्यच असते. पण दहा वर्षे राहिलेला मनुष्य पाहुणा कसा? ज्याची वर्गणी वहीत नाही त्याला बैठकीत बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही तो कडेलाच राहतो. दुसऱ्या बाजूस, अलीकडे काही ठिकाणी जमिनीच्या किंवा राजकारणाच्या पैशावर एकच देणगीदार संपूर्ण तमाशाचा खर्च उचलतो आणि वेशीवर त्याचा मोठा फलक झळकतो. त्या दात्याच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. परंतु एकाने दिलेला खेळ आणि हजारांनी मिळून घेतलेला खेळ हे रंगमंचावर सारखे दिसले तरी पटांगणात सारखे नसतात. पहिल्यात प्रेक्षक उपकृत होतो, दुसऱ्यात तो यजमान असतो. भाडेकरूंच्या खोल्यांतून पन्नास-पन्नास रुपयांची वर्गणी गोळा करणे हे काम कष्टाचे आहे, आणि एका धनादेशाने ते सहज वाचते. तरी ते करावे, अशी माझी प्रत्येक कमिटीला आग्रहाची विनंती राहील.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. पूर्वी तमाशा छबिन्यानंतर उभा राही आणि वग उजाडेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस तो बारापर्यंत चालू ठेवण्याची सवलत राज्यसरकारला देता येते, पण त्यांतील बहुतेक दिवस गणेशोत्सव, नवरात्र अशा सर्वत्र एकाच वेळी येणाऱ्या सणांकडे जातात, आणि गावोगावी निराळ्या तिथीस येणाऱ्या यात्रेला त्यात जागा मिळणे अवघड होते. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. आजारी माणसाची झोप आणि विद्यार्थ्याची परीक्षा यांचे मोल मला मान्य आहे. परंतु कारखान्यांच्या मुलखात त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते. पूर्वी भोसरीचा किंवा आकुर्डीचा कामगार डबा हातात घेऊन कारखान्याच्या फाटकातून सरळ पटांगणात येई आणि त्याला वग पुरता सापडे. आज तो यंत्रापाशी उभा असतानाच खेळ आटोपलेला असतो. शेतकऱ्याच्या रात्रीसाठी बेतलेला खेळ कामगारालाही कसा कोण जाणे बरोबर बसत होता, आणि नेमका तो आता निसटला. यावर एक उपाय मला सुचतो तो असा की सकाळच्या हजेऱ्यांना दीर्घ वेळ द्यावा, त्यांत वगाचा एखादा प्रवेशही घ्यावा. रात्रपाळी करून आलेला आणि दुसऱ्या पाळीस जाणारा, दोघांनाही तो वेळ मोकळा असतो, आणि या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तेव्हा तिथी त्या दिवशी आली तर अधिकच चांगले.

आणि कलावंत? त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून ही प्रस्तावना पुरी करणे कृतघ्नपणाचे होईल. तमाशा वाढविला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) या नावाने प्रसिद्धीस आलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी आपले ब्राह्मण घर सोडून या फडात आले आणि पवळाबाईंच्या साथीने त्यांनी तो गाजविला, हेही खरे, परंतु ज्यांनी सोडण्यासारखे घरच कधी पाहिले नाही अशांच्या घामावर ही कला उभी आहे. ज्या गावाने रात्री त्यांच्या गाण्यावर जीव ओवाळला, त्याच गावाने दिवसा त्यांना उंबऱ्याबाहेर पाणी दिले, असा काळ फार जुना नाही. हंगामाआधी फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो, आणि ती उचल फिटते ती बहुतांशी चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांतून. वळवाची एक सर रात्री आली आणि खेळ मोडला की सुपारीवरून तंटा उभा राहतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नारायणगावच्या राहुट्या त्या वर्षी ओस पडल्या, पुढचा हंगामही गेला. रंगमंचाचे सामान ट्रकांत पडून राहिले आणि नट-नर्तकी मिळेल त्या मजुरीला गेल्या. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर, जिने फडमालक तुकाराम खेडकरांच्या पश्चात फडाचा भार वाहिला, ती २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत गेली. त्यानंतर यात्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा पुष्कळ गावांनी पूर्वीचा फड पुन्हा आवर्जून बोलाविला, हे सांगताना मला आनंद वाटतो. काही गावांनी मात्र ऑर्केस्ट्रा स्वस्त पडतो म्हणून तिकडे वळण घेतले.

ऑर्केस्ट्र्याने स्त्रिया पटांगणात आल्या, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते, आणि ते अगदीच खोटे नाही. रंगमंचावर स्त्री आणि समोर केवळ पुरुष, ही तमाशाची जुनी विसंगती होती. परंतु आता अनेक गावांत वगालाही बायका बसू लागल्या आहेत, त्यांच्यासाठी पुढची जागा राखली जाते, आणि समोर आया-बहिणी असल्या की सोंगाड्याची जीभ आपोआप सांभाळून चालते व तरीही विनोदाची धार बोथट होत नाही, असा माझा अनुभव आहे. तमाशा सोडून स्त्रियांना आणण्यापेक्षा स्त्रियांना तमाशापाशी आणणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. जी गावे तमाशाऐवजी कीर्तन ठेवतात त्यांच्याशी मात्र माझा तंटा नाही. देहू आणि आळंदी ज्या मुलखाच्या दोन अंगांना आहेत तेथे कीर्तनाला वाव असणारच, आणि पुष्कळ गावे सप्ताहही करतात आणि फडही आणतात.

तमाशाची रात्र हे गावाच्या एकत्र येण्याचे फळ आहे असे मी मानतो, म्हणून पुढील प्रकरणांचा क्रम मी कलेपासून न लावता वर्गणीच्या वहीपासून लावला आहे: गाव पैसा कसा जमवते हे आधी, सुपारी कशी ठरते हे त्यानंतर, मग फडाचा मुक्काम आणि त्याच्या जेवणाखाण्याची व्यवस्था, आणि सर्वांच्या शेवटी रंगमंचावर काय घडते ते. ज्या वाचकास वगाचीच ओढ असेल त्याने शेवटचे प्रकरण आधी वाचण्यास हरकत नाही. पण यात्रा कमिटीवर असलेल्या वाचकाने पहिले वगळू नये, कारण ते मुख्यतः त्याच्यासाठी लिहिले आहे.